परतलेल्या विद्यार्थ्याची हजेरी

वऱ्हाडच्या जुन्या कागदपत्रांत मेहकरचे नाव एका सरकारचे मुख्य ठिकाण म्हणून येते. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारांची मोजदाद केली त्यांत मेहकर आहे, आणि पुढे राजवटी बदलत गेल्या, दर्जा उतरत उतरत तालुक्यावर येऊन थांबला, तरी भोवतालच्या खेड्यांना लागणारी कचेरी, बाजार, दवाखाना आणि विद्या पुरविण्याचे पैनगंगेकाठच्या या गावाचे जुने काम काही सुटलेले नाही. सकाळी डोणगाव, जानेफळ, देऊळगाव माळी, हिवरा आश्रम अशा दिशांनी एस.टी. गाड्या येऊन स्थानकात लागतात, त्यांतून पाठीला बॅगा लावलेली मुलेमुली उतरतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारी हीच पहिली पिढी असल्यामुळे त्यांच्या पदवीवर सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या एकेका कुटुंबाची पुढची पंधरा-वीस वर्षे टांगलेली असतात.

या गर्दीत एक विद्यार्थी असा असतो की ज्याची नोंद कोणत्याच दप्तरात स्वतंत्रपणे होत नाही. दारू, गांजा किंवा गोळ्या यांच्या आहारी जाऊन, कुटुंबाची झोप उडवून, शेवटी पुण्याला, नागपूरला किंवा अकोल्याला उपचार घेऊन तो परत आलेला असतो. त्याचे नाव पटावर असते, शुल्काची पावती त्याच्या खिशात असते, आणि तरीही आपण या वर्गात पुन्हा रीतसर रुजू झालो आहोत की केवळ खपवून घेतले जात आहोत, याचा निवाडा त्याचा त्याला करता येत नाही. व्यसनाधीनाला उपचारासाठी धाडण्याची काही ना काही तजवीज आपल्या समाजाने गेल्या चाळीस वर्षांत केली. उपचार घेऊन आलेल्याला परत सामावून घेण्याची तजवीज मात्र, विशेषतः तो विद्यार्थी असेल तर, जवळपास कोठेच नाही. पेरणी करून मोकळे व्हावे आणि डवरणीच्या वेळी शेताकडे फिरकू नये, असा हा प्रकार आहे; आणि पीक बुडाले की दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

*

विद्यार्थी व्यसनाकडे वळतो तो बहुधा मोठ्या दुःखामुळे नव्हे, संगतीमुळे. विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पानठेल्यासमोर थोडा वेळ उभे राहिले तरी या शिक्षणाचा पहिला धडा पाहावयास मिळतो. फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पातळ प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन ठेलेवाला ते मिश्रण रगडून रगडून घोटतो, त्याची पुडी बांधतो, आणि तो खर्रा चार मित्रांत चिमटीचिमटीने वाटला जातो. वाटून खाण्याच्या या रीतीतच त्याचे बळ आहे. चहाला पैसे नसले तरी खर्र्यात वाटा मिळतो आणि वाटा मिळाला की टोळक्यात जागा मिळते. खेड्यातून नुकत्याच आलेल्या, शहरी मुलांपुढे बोलताना अडखळणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला ही जागा किती मोलाची वाटत असेल, हे जो त्या वयात परगावी राहिला असेल त्याला सांगावयास नको. पुढे तोंडाच्या आतली त्वचा ताठ होऊ लागते, जबडा पूर्ण उघडत नाहीसा होतो, आणि तपासणी शिबिरात दंतवैद्य जेव्हा तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगतो तेव्हा विशी-बाविशीतल्या मुलाची दोनच बोटे कशीबशी आत जातात.

शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत असा २००३ चा केंद्रीय कायदा आहे, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि मद्याच्या बाबतीत तर राज्याची वयोमर्यादा सौम्य पेयांसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची आहे. याचा अर्थ असा की पदवीच्या वर्गातील जो विद्यार्थी पितो तो बहुतेक वेळा कायद्याच्या बाहेर पितो. बंदीचा हेतू स्तुत्य असला तरी तिचा एक अनपेक्षित परिणाम शिक्षणसंस्थांवर झाला आहे: जे घडता कामा नये ते घडतच नाही असे मानणे संस्थेला सोयीचे पडते. व्यसन ही शिस्तीची बाब ठरते, ती प्राचार्यांच्या दालनात पोहोचते तेव्हा निष्कासनाचा मसुदाच आधी तयार होतो, आणि त्यामुळे मदत मागण्याची ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच ती मागण्यास सर्वाधिक भितो.

या भीतीचे देशव्यापी माप आपल्यापाशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर डिसेंबर २०१६ मध्ये निकाल देताना मादक द्रव्यांच्या वापराचे राष्ट्रीय सर्वेक्षण करण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात असे दिसले की देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या जवळपास लोकांचे पिणे उपचार किंवा साहाय्य लागावे अशा अवस्थेला पोहोचले आहे, आणि मद्याच्या पूर्ण अधीन झालेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. तेव्हा मेहकरच्या वर्गात परत येऊन बसलेला तो मुलगा अपयशी नाही. अडतिसांतून वाट काढून आलेला तो एक आहे. त्याला आपण पुन्हा मागे लोटतो, तेव्हा काय गमावतो याचा विचार या आकड्यापासून सुरू व्हावयास हवा.

*

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी ज्या एका घटनेने बदलली ती विद्यार्थीवयातील मुलांशीच निगडित होती. १९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने ओळखली जाणारी ब्राऊन शुगर येऊन पोहोचली, आणि मध्यमवर्गीय घरांतील कॉलेजची मुले चांदीच्या कागदावर ती पूड तापवून तिचा धूर ओढू लागली. डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये मिसळून लेखमाला लिहिली; ती वाचून व्यथित झालेल्या पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगी पुढे केली; आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या, अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये गेले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर आणि सहकारी यांनी संस्थेचा व्याप पुढे वाढविला, आणि स्त्रियांच्या व्यसनाकडे समाज पाहूच इच्छीत नसताना ‘निशिगंध’ हा त्यांच्यासाठीचा स्वतंत्र विभागही उभा केला.

मुक्तांगणच्या पद्धतीत दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांचे महत्त्व शिक्षणसंस्थांनी ओळखावे. पहिली ही की उपचार घेऊन बरे झालेलेच पुष्कळ जण तेथे समुपदेशक आणि कार्यकर्ते होतात. पदार्थ बंद झाल्यावर अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, झोप उडते, हाडे कोणी पिळून काढीत आहे असे वाटते. व्यसनी मुलांच्या भाषेत ज्याला ‘टर्की’ म्हणतात त्या अवस्थेत बिछान्याशी बसलेला माणूस जर स्वतः त्यातून गेलेला असेल, तर त्याच्या ‘जाईल हे’ या दोन शब्दांना औषधाइतकी किंमत येते. दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. साधारण पाच आठवड्यांच्या निवासी उपचाराने शरीर सावरते आणि मनाला दिशा मिळते, पण संस्था त्यालाच पूर्ण उपचार समजत नाही. गावोगावच्या पाठपुरावा सभा, कुटुंबीयांचे गट आणि व्यसनमुक्तीचे वर्ष पुरे झाले की चारचौघांत साजरा होणारा वाढदिवस, हा उपचाराचाच उत्तरार्ध मानला जातो.

या उत्तरार्धाला वैद्यकशास्त्राचाही आधार आहे. अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात २००० साली मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनाची तुलना दमा, रक्तदाब आणि मधुमेह या जुनाट विकारांशी केली, तेव्हा उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचे प्रमाण व्यसनात चाळीस ते साठ टक्के, तर दमा आणि रक्तदाब यांत विकार पुन्हा उसळण्याचे प्रमाण पन्नास ते सत्तर टक्के आढळले. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून कोणी रोग्याला नालायक ठरवीत नाही. औषध बदलले जाते, धूळ टाळली जाते. व्यसनी मुलगा घसरला की मात्र घरापासून महाविद्यालयापर्यंत सर्वांना आपले मूळचे मत खरे ठरल्याचे एक कटू समाधान मिळते.

*

आता हा मुलगा परत आला असे समजून त्याच्या वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. तो कोणी एक विशिष्ट विद्यार्थी नाही. परंतु त्याच्यापुढे येणाऱ्या अडचणी अगदी विशिष्ट आहेत.

एका सत्रात सुमारे नव्वद दिवस अध्यापन व्हावे अशी अपेक्षा असते आणि परीक्षेस बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते. आठवड्याला सहा दिवस धरले तर पाच आठवड्यांच्या उपचारात कामाचे तीस दिवस जातात. उरलेल्या साठही दिवशी तो नियमाने वर्गात बसला तरी त्याची हजेरी सदुसष्ट टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्याने उपचार पूर्ण केला तो त्या उपचारामुळेच परीक्षेला अपात्र ठरतो, आणि ज्याने उपचार टाळून मागच्या बाकावर गुंगीत दिवस काढले त्याची हजेरी भरते. हा नियम कोणी दुष्टपणाने केलेला नाही. तो करताना हा विद्यार्थी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढेच.

वैद्यकीय कारणास्तव हजेरीतील तूट माफ करण्याची सोय विद्यापीठांच्या नियमांत सामान्यतः असते, पण तेथे दुसरा पेच उभा राहतो. व्यसनमुक्ती केंद्राचे नाव छापलेला दाखला कारकुनाच्या टेबलावर ठेवला की दुपारच्या चहापर्यंत तो साऱ्या कार्यालयाला ठाऊक होतो. येथे कायदा विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य आणि मादक द्रव्ये यांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला, या आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीची वागणूक मिळावी असे सांगितले, आणि उपचाराविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला दिला. तेव्हा ‘वैद्यकीय उपचार व विश्रांती आवश्यक’ इतकाच मजकूर असलेला तज्ज्ञाचा दाखला पुरेसा मानावा आणि तो बंद लिफाफ्यात एकाच जबाबदार व्यक्तीपाशी राहावा, एवढी तजवीज कोणतेही महाविद्यालय नवा पैसा खर्च न करता करू शकते.

मादक द्रव्यांच्या बाबतीत मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना पोलिसांचे भय असते, आणि मेहकरसारख्या गावात ते भय दुप्पट असते. कारण येथल्या निम्म्या तरुणांचे डोळे पोलीस भरतीवर किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवर लागलेले असतात आणि चारित्र्याच्या दाखल्यावर एक शेरा पडला की सारे मुसळ केरात, ही धास्ती असते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणातील पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल आणि तो पूर्ण करील, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालविला जाऊ नये, अशी त्याची योजना आहे. विक्री करणाऱ्याला ही ढाल नाही, आणि उपचार अर्धा टाकणाऱ्याची ती काढून घेता येते. हे कलम नोटीस फलकावर सोप्या मराठीत लागले, तर शंभर भाषणांनी होणार नाही इतके काम होईल.

अभ्यासक्रमाच्या बाजूनेही एक दार अलीकडे किलकिले झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार मिळविलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये सात वर्षांपर्यंत साठवून ठेवता येतात, आणि मध्येच थांबून पुढे परत येण्याची मुभा आहे. या मुभेचा उच्चार बहुधा नोकरीच्या संदर्भात होतो. आजारातून उठणाऱ्या विद्यार्थ्याला ती कितीतरी अधिक उपयोगाची आहे. एक सत्र सोडणे म्हणजे शिक्षण सोडणे नव्हे, हे त्याला आणि विशेषतः त्याच्या वडिलांना कोणीतरी समोर बसवून सांगावे लागते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावे, असे सांगितले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयालाही हे लागू आहे.

*

या विषयात पाश्चात्त्य विद्यापीठांनी जे केले ते पाहताना आपल्याकडे सहसा त्यांच्या इमारती आणि अंदाजपत्रके डोळ्यांत भरतात. आरंभ मात्र फार साधा होता. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात १९७७ मध्ये ब्रूस डोनोव्हन या प्राध्यापकावर व्यसनग्रस्तांच्या साहाय्याची जबाबदारी सोपविण्यात आली. ते ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मय शिकवीत असत, आणि स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले होते. रटगर्स विद्यापीठाने १९८३ मध्ये मद्य आणि मादक द्रव्ये यांविषयीचे साहाय्य केंद्र सुरू केले आणि १९८८ मध्ये व्यसनमुक्त विद्यार्थ्यांसाठी वेगळी निवासाची सोय केली. १९८६ मध्ये टेक्सास टेक विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांचा समूह, त्यांची शिष्यवृत्ती आणि अभ्यास यांची एकत्र बांधणी केली. १९९७ मध्ये मिनिअ‍ॅपोलिसच्या ऑग्सबर्ग महाविद्यालयाने तोच मार्ग धरला. या सर्वांच्या मुळाशी १९३५ मध्ये अ‍ॅक्रन गावी एका दलालाने आणि एका शल्यचिकित्सकाने सुरू केलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चे तत्त्व आहे: ज्याने सोडली आहे त्याने ज्याला सोडावयाची आहे त्याच्यापाशी बसावे.

त्या संघटनेचा दुसरा पाया अनामिकतेचा आहे, आणि तो मेहकरात जसाच्या तसा घालता येत नाही. महानगरात माणूस सभेला जातो, पहिले नाव सांगतो, आणि बाहेर पडला की गर्दीत नाहीसा होतो. येथे बसस्थानकावरचा चहावाला मुलाला त्याच्या आजोबांच्या नावाने ओळखतो. तो एक महिना दिसला नाही म्हणजे कोठे होता, हे त्याच्या परतण्यापूर्वीच गावात पोहोचलेले असते. मोठ्या शहरात जे आवरण गर्दी देते ते लहान गावात माणसांना जाणूनबुजून द्यावे लागते. ठाऊक असूनही न विचारणे, विचारले तर पुढच्या कामाविषयी विचारणे, आणि ‘आता मोठा साधू झाला का बे?’ असे म्हणत पुडी पुढे करणाऱ्या मित्राला तेथेच थांबविणे, ही येथली गोपनीयता आहे. ती कायद्याने मिळत नाही, आणि ती पाळावयाची कशी हे शिक्षकांपासून बसवाहकापर्यंत साऱ्यांना शिकावे लागते.

मात्र या ओळखीच्या जगाचे दुसरे अंगही आहे. परत आलेल्या मुलाचा सर्वांत कठीण काळ संध्याकाळचा, पाच ते नऊचा. तास संपलेले असतात, गावाकडची गाडी सुटावयास अवकाश असतो, आणि पूर्वी याच वेळी पाय आपोआप ठेल्याकडे किंवा जुन्या महामार्गावरच्या ढाब्याकडे वळत असत. या चार तासांना पर्यायी जागा हवी, आणि आपल्या तालुक्याच्या गावांत ती आधीच उभी आहे: अभ्यासिका. स्पर्धापरीक्षांच्या लाटेने विदर्भातल्या गावागावांत या खोल्या निघाल्या. प्लायवूडच्या आडोशांनी विभागलेली लहान टेबले, प्रत्येकावर एक दिवा, भिंतीवर भारताचा आणि महाराष्ट्राचा नकाशा, दाराशी चपलांची रांग, मासिक शुल्क बेताचे, आणि रात्री उशिरापर्यंत एकाच छताखाली वीस-पंचवीस तरुण निमूटपणे बसलेले. येथे कोणी कोणाला व्यसनमुक्त म्हणून ओळखीत नाही. सगळेच काही ना काही सोडून बसलेले असतात. महाविद्यालयाने अशा एखाद्या अभ्यासिकेत दोन-चार जागांचे शुल्क विद्यार्थी साहाय्य निधीतून भरले, आणि पहाटे भरतीसाठी मैदानावर धावणाऱ्या मुलांच्या तुकडीत या मुलाला कोणाची तरी जोडी लावून दिली, तर दिवसाची दोन्ही टोके बांधली जातात. धावण्याने झोप परत येते, आणि झोप परत आली की ओढ पुष्कळ अंशी ओसरते.

संगतीचा मोठ्या प्रमाणावरील नमुनाही याच तालुक्यात आहे. हिवरा येथे शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. विस्तीर्ण मैदानावर प्रचंड जनसमुदाय पंगतीने बसतो, ट्रॅक्टर ओळींमधून फिरत राहतात आणि स्वयंसेवक त्यांवरून वाढीत जातात. या व्यवस्थेत ज्याच्या हाती परात आहे त्याला कोणी त्याचा भूतकाळ विचारीत नाही. त्याच्या ओळीतला माणूस उपाशी राहू नये, एवढाच त्याच्या कामाचा निकष असतो. ज्या मुलावर वर्षभर घरात कोणी पाकीटसुद्धा सोपविले नाही, त्याच्यावर अशी जबाबदारी सोपविली जाणे, हा उपचारातला मोठा टप्पा असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कोठीघराची किंवा हिशेबाची वही अशा विद्यार्थ्याकडे देणारा प्राध्यापक हेच काम करीत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

आणि बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचे नाव विसरून चालणार नाही. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. बाबांचे वडील झिंगराजी दारूच्या पायी धुळीला मिळाले आणि लहानगा डेबूजी आईबरोबर आजोळी वाढला. मोठेपणी मुलीच्या बारशाला जातीची रीत म्हणून दारू-मटण द्यावयाचे, तेथे त्याने गोडाचे जेवण घातले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. पुढे १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी कीर्तनांतून दारूविरुद्ध जे सांगितले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु बारशाच्या त्या प्रसंगातला व्यवहार विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे: बाबांनी पंगत बंद केली नाही, पंगतीतले पान बदलले. विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनानंतरच्या रात्री, सहलींत, निरोपसमारंभांत दारू नको असे म्हणावयाचे असेल तर तेथे दुसरा आनंद मांडून ठेवावा लागतो. नुसत्या परिपत्रकाने मुले ढाब्यावर जातात.

*

वर्षात काही दिवस असे असतात की त्यांची यादी परतलेल्या विद्यार्थ्याने आणि महाविद्यालयाने त्याच्या सोबतीला नेमून द्यावयाच्या सांगाती अध्यापकाने आधीच करून ठेवावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, धुळवड, मित्राच्या लग्नाची वरात, निकालाचा दिवस (तो चांगला लागो वा वाईट), आणि दिवाळी. दिवाळीला सोयाबीनचा पैसा घरात आलेला असतो, पुण्या-संभाजीनगरला गेलेले जुने मित्र गावी परततात, पत्त्यांचे डाव बसतात, आणि ‘अबे, एकानं काय होते?’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते म्हणूनच ते टाळणे अवघड होते. एका घोटाने काय होते, याचे उत्तर ज्याच्या देहाने एकदा दिलेले आहे त्याला ते पुन्हा तपासून पाहण्याची गरज नसते. पण नकार देताना त्याच्या बाजूला दुसरा एकजण नकार देणारा असावा लागतो. त्यासाठी घरातील थोरला भाऊ, मामा किंवा आतेभाऊ यांनी त्या चार दिवसांपुरते आपले स्वतःचे पिणे बाजूला ठेवले, तर ती भाऊबीज उपदेशाहून मोठी ठरेल. मुलीच्या बाबतीत हे सारे आणखी कठीण आहे. तिचे व्यसन गोळ्यांचे असो की तंबाखूच्या मिश्रीचे, ते लपविण्यात सारे घर सामील असते, आणि उपचाराला पाठविण्यापेक्षा लग्न लावून देणे सोपे वाटते. तिच्याशी बोलावयास महाविद्यालयात एक अध्यापिका नेमलेली असणे म्हणूनच अनिवार्य आहे.

एवढे करूनही काही जण घसरतील. त्या दिवसासाठी संस्थेने आधीच लेखी ठरवून ठेवावे, कारण संतापाच्या भरात घेतलेला निर्णय बहुधा काढून टाकण्याचाच असतो. परतलेल्या विद्यार्थ्याने रुजू होतानाच सांगाती अध्यापकासह एक साधा कागद करावा: घसरलो तर पहिल्याच दिवशी कोणाला कळवीन, चोवीस तासांत कोणत्या डॉक्टरकडे जाईन, घरी कोण सांगेल, आणि महाविद्यालय त्या कळविण्याबद्दल शिक्षा करणार नाही. लपविले आणि इतरांना पदार्थ पुरविला तर शिस्तीची कारवाई होईल, हेही त्याच कागदावर असावे. मादक द्रव्यांविषयीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे शासनाचे विनामूल्य मदत क्रमांक त्याच्या तळाशी लिहावेत. घसरण्याच्या पहिल्या रात्रीची शरम माणसाला पुढच्या चार महिन्यांच्या पिण्यात ढकलते. कळवावयाचे कोणाला हे ठरलेले असेल तर तीच गोष्ट चार दिवसांत आटोक्यात येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये पुन्हा भरतील तेव्हा मेहकरच्या आणि मेहकरसारख्या साऱ्या गावांच्या प्राचार्यांनी यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहू नये. विद्यार्थी ज्याच्याशी एरवीही मोकळेपणाने बोलतात असा एक अध्यापक आणि एक अध्यापिका यांची लेखी आदेशाने नेमणूक करावी, त्यांना एखाद्या व्यसनमुक्ती संस्थेत आठवडाभर पाठवून तेथले काम पाहू द्यावे, दाखल्यांच्या गोपनीयतेचा नियम कार्यालयाला समजावून द्यावा, तुटीच्या हजेरीचे प्रस्ताव विद्यापीठाकडे वेळेवर धाडावेत, आणि अभ्यासिकेतील दोन जागांचे पैसे भरावेत. यांतील एकही बाब शासनाच्या मंजुरीवाचून अडून राहावी अशी नाही. विद्यापीठाने आपल्या नियमावलीत व्यसनोपचाराचा काळ वैद्यकीय रजा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिला, तर पाच जिल्ह्यांतील प्रत्येक प्राचार्याला तो निर्णय एकट्याच्या जबाबदारीवर घ्यावा लागणार नाही. आणि उपचार पूर्ण करून आलेल्या मुलाला, मी परीक्षेला बसू शकतो की नाही, हे विचारण्यासाठी कोणाच्याही दालनाबाहेर ताटकळत उभे राहावे लागणार नाही.